घरबसल्या नेल आणि ब्युटीचा कोर्स: सर्टिफिकेट चालतं का, हात बसतो का? मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो,

मी फलटणजवळ राहते. लग्नाआधी माहेरी एका पार्लरमध्ये कामाला होते, त्यामुळे थ्रेडिंग, वॅक्सिंग, क्लीनअप, मेहंदी यात हात चांगला बसलाय. आता मुलगा शाळेत जातो, पण सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. रोज साताऱ्याला किंवा पुण्याला क्लासला जाणं जमणार नाही. इकडे लगीनसराईत नवऱ्या मुली मेकअपबरोबर नखांचंही विचारतात, जेल पॉलिश, एक्स्टेन्शन (नखं लांबवणं), आणि तेवढ्यासाठी बारामती नाहीतर पुणं गाठतात. म्हणजे काम आहे, ते मला शिकून घ्यायचंय.

एका संस्थेचा घरबसल्या नेल आणि ब्युटी डिप्लोमा बघितलाय. फी २२,००० रुपये. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, शंका व्हॉट्सॲपवर, किट कुरिअरने घरी, शेवटी ऑनलाइन पेपर आणि सर्टिफिकेट. जाहिरातीत ठळक अक्षरात ‘सरकारमान्य’. मान्यता कोणाची, असं विचारलं तर त्यांनी दोन फोटो पाठवले: एक आयएसओ ९००१ चा, दुसरा उद्यम नोंदणीचा. आयएसओ म्हणजे संस्थेचा कारभार ठरावीक पद्धतीने चालतो, एवढंच. उद्यम नोंदणी तर कोणताही लहान धंदा ऑनलाइन, फुकटात करू शकतो. आमच्या दिरांच्या पिठाच्या गिरणीचीही आहे. या दोन्हीचा ब्युटीच्या शिक्षणाशी काय संबंध? पुन्हा विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅडम, ऑफर आजच संपतेय.’

कागदापेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती हाताची. माझ्या जावेने एका लग्नाच्या आधी जेल पॉलिश करून घेतलं होतं. करणारीने रंग नखाच्या कडेपर्यंत नेला, तो क्युटिकलवर आणि बाजूच्या कातडीवर उतरला, आणि न पुसता तसाच हात जेल सुकवायच्या लॅम्पखाली घातला. नंतर बोटांच्या टोकांना खाज, बारीक फोड, मग सालं निघायला लागली. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की न सुकलेलं जेल कातडीला लागलं की त्यातल्या ॲक्रिलेटची ॲलर्जी होऊ शकते, आणि एकदा झाली की ती सहसा जन्मभर राहते. त्याच जातीचे पदार्थ दातांच्या फिलिंगमध्येही वापरतात, म्हणून दातांच्या डॉक्टरांनाही हे सांगायला लावलं. माझ्या हातून कोणाला असं व्हायला नको. ब्रश किती दाबायचा, कडेला केवढी जागा सोडायची, हे व्हिडिओत दिसतं, पण माझं चुकतंय हे मला कोण सांगणार?

किटचंही तसंच. त्यांच्या डेमो व्हिडिओत एक्स्टेन्शनला वापरतात त्या ॲक्रिलिकच्या लिक्विडची बाटली नीट थांबवून पाहिली. उत्पादकाचं नाव नाही, बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही.

ज्यांनी असा कोर्स केलाय किंवा ज्या या धंद्यात आहेत, त्यांनी कृपया सांगा: या सर्टिफिकेटवर पुढे नोकरी किंवा कर्ज मिळतं का? आणि घर न सोडता हात तयार करायचा दुसरा काही मार्ग आहे का?

प्रतिसाद

ताई, पैसे अजिबात भरू नका. मी कोल्हापुरात स्वतःचं पार्लर चालवते, मुलींना कामावर घेते. मी कागद शेवटी बघते, आधी एका हाताची पाच नखं करून घेते.

मान्यता तपासायची तर कोर्सचा एनएसक्यूएफ स्तर (सरकारच्या कौशल्य पात्रतेच्या चौकटीतली पायरी) आणि सर्टिफिकेट देणारी संस्था कोणती ते लेखी मागा. ती संस्था एनसीव्हीईटीने, म्हणजे कौशल्य शिक्षणाच्या सरकारी नियामक संस्थेने, मान्य केलेली हवी, आणि कोर्स राष्ट्रीय पात्रता नोंदवहीच्या साइटवर सापडायला हवा. सापडला नाही तर ‘सरकारमान्य’ हा नुसता छापलेला शब्द आहे.

लिक्विडची शंका तुम्ही बरोबर घेतलीत. स्वस्त, बिननावाच्या बाटल्यांत एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) हे रसायन असू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने १९७० च्या दशकातच त्यावर कारवाई केली होती. चांगल्या मालात त्याऐवजी ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट) असतं. एमएमएचं नख दगडासारखं कडक होतं, फाइल करताना जीव जातो, ॲसिटोनमध्ये लवकर विरघळत नाही, आणि कुठे अडकलं तर खालचं खरं नखही उपटून येतं. लॅम्पही जेलच्या कंपनीने सांगितलेलाच घ्या. नाहीतर वरचा थर कडक होतो आणि आत कच्चा राहतो, जावेला झाला तसाच त्रास मग त्यातूनही होतो.

थिअरी घरी शिका, त्यात काही वाईट नाही. स्वच्छता, नखांचे आजार, कोणत्या नखाला हातच लावायचा नाही, हे वाचून येतं. पण सुरुवातीचे हात कोणाच्या तरी नजरेखाली व्हायलाच हवेत. एखाद्या नेल आर्टिस्टकडे फक्त शनिवार-रविवार जाता येतं का बघा. बऱ्याच जणी दिवसाची फी घेऊन शिकवतात. मधल्या दिवसांत प्लॅस्टिकच्या हातावर नकली नखांच्या टिप्स लावून सराव करा.

प्रतिसाद

वरच्या ताईंशी सहमत. दोन गोष्टी जोडते. तुमचं पार्लरचं जुनं काम वाया गेलेलं नाही. स्किल इंडियात आरपीएल म्हणून सोय आहे: आधीपासून काम येणाऱ्यांची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात, पूर्ण कोर्स परत करावा लागत नाही. ते ब्युटीच्या कामाचं घ्या, नखांचं वेगळं शिका. आणि जनशिक्षण संस्थान, तसंच बँकांच्या आरसेटी (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण) केंद्रात एकदा चौकशी करा. आरसेटीत ग्रामीण भागातल्यांना पार्लरचं प्रशिक्षण फुकट असतं आणि कर्जाच्या अर्जालाही मदत करतात. मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. सुरुवातीचं सामान त्यात सहज बसेल.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. संस्थेला एनएसक्यूएफ स्तर विचारला, मेसेज वाचलाय पण उत्तर नाही. त्यामुळे तो कोर्स करत नाही. आरपीएलबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. आता रविवारी नवरा घरी असतो, सासूबाईंजवळ तो थांबायला तयार आहे. बारामती किंवा फलटण भागात रविवारी समोर बसवून जेल आणि एक्स्टेन्शन शिकवणारी कोणी माहितीत असेल तर सांगा. आणि सातारा जिल्ह्यात ब्युटीच्या कामाची आरपीएल परीक्षा कोणी दिली आहे का? प्रॅक्टिकलला मॉडेल आपण न्यायची असते की तिथे मिळते?