रानडुकरांच्या बंदोबस्तासाठी हलकी ७×५७ रायफल घ्यावी, की घरची .३१५ ठेवावी?

संत्राबाग_काटोल:

आमची संत्र्याची बाग आणि तुरीचे वावर काटोल तालुक्यात आहे. नोकरीमुळे मी नागपुरात राहतो आणि हंगामात जागलीला गावी जातो. रानडुकरांचे कळप तुरीत आणि हरभऱ्यात शिरतात, बागेतल्या ठिबकच्या नळ्या उखडून टाकतात. रोही, म्हणजे नीलगायी, अधूनमधून येतात. वनखात्याकडे रीतसर अर्ज केला आहे आणि लेखी परवानगी हातात आल्याशिवाय बंदूक वावरात न्यायची नाही, याबद्दल घरात दुमत नाही.

वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर त्यांची .३१५ रायफल आणि बाराबोर दोन्ही माझ्या परवान्यावर आल्या. .३१५ मला अवजड वाटते आणि तिचा दस्ता माझ्या हाताला लांब पडतो. ओळखीच्या एका कुटुंबाकडे मॉझर पद्धतीची जुनी ७×५७ (म्हणजे ७ मिमी जाडीच्या गोळीची) बोल्ट-ॲक्शन, हाताने खिट्टी मागेपुढे करून भरायची रायफल आहे, जी जेमतेम तीन किलोची असून खांद्याला लावताच नजर आपोआप माशीवर जाते. ते ती विकायला तयार आहेत. या मध्यम ताकदीच्या काडतुसाने रानडुक्कर आणि रोही तडफडत न ठेवता, एका गोळीत पडतील का? आणि रायफल हलकी असल्यामुळे धक्का अधिक बसेल का?

जुना_नेमबाज:

ताकदीचा प्रश्न आधी निकाली काढतो, कारण तो वाटतो तितका अवघड नाही. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रिग्बी कंपनीची .२७५ बोल्ट-ॲक्शन रायफल याच काडतुसाची होती. रिग्बीने ७×५७ लाच ते इंग्रजी मापाचे नाव दिले होते. १४० ग्रेनची (सुमारे ९ ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण ८०० मीटर वेगाने निघते, म्हणजे नळीच्या तोंडाशी सुमारे ३००० जूल ऊर्जा होते, तर १८० ग्रेनच्या .३०-०६ या अधिक ताकदीच्या काडतुसाची ऊर्जा ४००० च्या जवळ जाते. कागदावर हे अंतर मोठे दिसते, परंतु साठ-सत्तर मीटरवर उभ्या असलेल्या रानडुकराच्या बाबतीत गोळी कोठे लागली आणि ती आत जाऊन फुलणारी मऊ टोकाची होती की नाही, या दोनच गोष्टी निर्णायक ठरतात.

रानडुकराचे हृदय बहुतेकांच्या समजुतीपेक्षा बरेच खाली आणि पुढे असते, आणि प्रौढ नराच्या खांद्यावर चिवट कातडीचे जाड कवच असते. त्यामुळे जनावर पूर्ण आडवे उभे राहीपर्यंत थांबावे आणि पुढच्या पायाला लागून मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात नेम धरावा. पाठमोऱ्या किंवा पळत्या डुकरावर चाप ओढू नये, कारण पोटात गोळी घेऊन उसात किंवा पऱ्हाटीत शिरलेले डुक्कर स्वतः हाल भोगते आणि सकाळी वेचणीला आलेल्या बायामाणसांच्या अंगावरही जाते. रोह्याचा नर दोनशे किलोंच्या वर भरतो. त्याच्यासाठी ७×५७ मध्ये १६० ते १७५ ग्रेनची गोळी घ्यावी आणि अंतर कमी ठेवावे.

आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी याच काडतुसाने शेकडो हत्ती मारले, हा दाखला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. बेल भरीव, न फुलणारी गोळी वापरत आणि हत्तीच्या कवटीची रचना त्यांना तोंडपाठ होती. तुमच्या वावरात त्या दाखल्याचा उपयोग नाही.

धक्क्याचे गणित सरळ आहे. काडतूस तेच ठेवून रायफलीचे वजन चार किलोंवरून तीन किलोंवर आणले, तर खांद्यावर येणारी ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. म्हणूनच हलक्या रायफलीत मध्यम काडतूस शोभते: सारख्याच वजनाच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का ७×५७ च्या दीडपटीहून अधिक भरतो. माणूस धक्क्याला घाबरू लागला, की गोळी सुटण्याआधीच त्याचे डोळे मिटतात आणि चाप खेचला जातो. जखमी होऊन निसटणाऱ्या जनावरांपैकी बरीच याच कारणाने निसटतात, असे माझे ठाम मत आहे.

इतके सगळे ७×५७ च्या बाजूने सांगूनही ती घेऊ नका, असेच मी सुचवेन, आणि कारण काडतुसांचे आहे. .३१५ आणि .३०-०६ ची काडतुसे आपल्या आयुध निर्माणीत बनतात. ७×५७ ची येथे बनत नाहीत. दुकानदाराकडे जुना आयात साठा असेल तर ती मिळतात, महाग मिळतात, आणि कोणत्या वजनाची गोळी मिळेल हे तुमच्या हातात राहत नाही. ज्या रायफलीने वर्षभर सराव करणे परवडत नाही, ती ऐन वेळी कितीही सुबक असली तरी परकीच राहते. शिवाय .३१५ म्हणजे मुळातले ८×५० मॅनलिकर काडतूस, २४४ ग्रेनची जड आणि संथ गोळी. तेही मध्यम ताकदीचेच आहे, आणि शंभर मीटरच्या आत रानडुक्कर व रोही दोघांनाही पुरेसे आहे.

वकील_सिव्हिल_लाइन्स:

कायद्याच्या बाजूने थोडे सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे बाळगता येतात आणि वारशाने आलेली शस्त्रेही त्यातच मोजली जातात. ७×५७ घ्यायची झाल्यास तुम्हाला .३१५ किंवा बाराबोर यांपैकी एक आधी परवान्यावरून कमी करावी लागेल. शेत एखाद्या अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत येत असेल, तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ नुसार शस्त्रपरवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नाव नोंदवणेही आवश्यक असते.

त्याच अधिनियमाच्या कलम ११ खालची मारण्याची परवानगी मिळाली, तरी मारलेले जनावर सरकारची मालमत्ता ठरते. त्याचे मांस, सुळे किंवा कातडी यांपैकी काहीही घरी नेता येत नाही. वनखात्याला ताबडतोब कळवून पंचनामा करून घ्यावा आणि परवानगीत लिहिलेले क्षेत्र व मुदत ओलांडू नये. पिकाच्या नुकसानभरपाईचा अर्ज स्वतंत्र असतो, तोही सोडू नका.

एक इशारा आवश्यक वाटतो. रायफल हलकी करण्यासाठी नळी कापून देणारे कारागीर भेटतात. परवान्याशिवाय नळी आखूड करण्यास शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ ची मनाई आहे.

वर्धारोड_शेतकरी:

मला रायफलीचाच आग्रह पटत नाही. आपली जमीन सपाट आहे, रायफलीची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते, आणि हंगामात प्रत्येक धुऱ्याच्या पलीकडे कोणीतरी जागलीला बसलेले असते. बाराबोरमध्ये एलजीचे, म्हणजे जाड छर्ऱ्यांचे, काडतूस घालून पंचवीस-तीस मीटरवरून मारावे, हे अधिक सुरक्षित आहे.

जुना_नेमबाज:

आपली काळजी रास्त आहे. तिचे उत्तर मला बंदूक बदलण्यापेक्षा बसण्याच्या जागेत दिसते. मचाण दहा-बारा फूट उंच असेल आणि अंतर पन्नास मीटरच्या आत ठेवले, तर गोळीचा रोख जमिनीकडे राहतो आणि ती जनावरामागच्या मातीत जाते. अर्थात, दगडाळ जमिनीवरून गोळी उसळू शकते, म्हणून मागे मऊ माती आहे हे दिवसाच पाहून ठेवावे. मागे काय आहे हे दिसत नसेल तर चाप ओढायचाच नाही, हा नियम बाराबोरलाही लागू आहे. एलजीचे छर्रे तीस मीटरपलीकडे विखुरतात आणि अंधारात तीस मीटरचा अंदाज चाळीसवर जायला वेळ लागत नाही. मग एक-दोन छर्रे लागलेले जनावर निघून जाते. तीस मीटरच्या आत, बागेच्या दाट ओळींत मात्र बाराबोर चांगली, हे मान्य करतो, आणि म्हणूनच ती परवान्यावरून काढू नये.

संत्राबाग_काटोल:

सर्वांचा मनापासून आभारी आहे. दोन शस्त्रांची मर्यादा वारशाच्या शस्त्रांनाही लागू होते, हे मला नेमके ठाऊक नव्हते. ७×५७ चा विचार सोडतो आणि दोन्ही घरच्याच ठेवतो. .३१५ चा दस्ता मागून थोडा कमी करून रबरी पॅड बसवला तर चालेल का?

जुना_नेमबाज:

चालेल, त्याने नळीला किंवा क्रमांकाला हात लागत नाही. काम मात्र परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्यावे आणि रायफल त्याच्याकडे ठेवल्याची पावती घ्यावी. बंदूक खांद्याला लावल्यावर उजव्या हाताचा अंगठा आणि नाक यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहील इतपतच लाकूड काढावे, आणि हे माप जागलीला घालता तोच जाड स्वेटर अंगात असताना घ्यावे. दस्ता बदलल्यावर गोळी पूर्वीच्याच जागी लागते का, हे रेंजवर पन्नास मीटरवर तपासल्याशिवाय मचाणावर जाऊ नका. चापावरचा हात बसवण्यासाठी .३१५ ची काडतुसे खर्चण्याची गरज नाही, क्लबच्या .२२ रायफलवर किंवा एअर रायफलवर तो सराव तितकाच उत्तम होतो.