सुसर म्हणजे मगर की घडियाल?

भाचीच्या प्राण्यांच्या पुस्तकात लांब, चिंचोळ्या तोंडाच्या जनावराचं चित्र आहे आणि खाली छापलंय ‘सुसर’. पुढच्या पानावर आखूड, रुंद तोंडाची ‘मगर’. ते पाहून ती म्हणाली, “मामा, मग पणजी चुकीचं बोलायची?”

माझी आजी भिलवडीकडची. धुणं घेऊन कृष्णेवर निघालं की ती हमखास बजावायची, “पाण्यात सुसर असती, गुडघ्याच्या वर जाऊ नका.” मगर हा शब्द तिच्या तोंडी फारसा नव्हताच. आता गंमत अशी की चित्रातलं ते चिंचोळ्या तोंडाचं जनावर, म्हणजे घडियाल, कृष्णेचं नाहीच. त्याचं घर सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा आणि महानदीच्या खोऱ्यांत. आज ते मुख्यतः चंबळेत उरलंय. मग कृष्णाकाठच्या बायका पिढ्यानपिढ्या सुसर म्हणत होत्या ते कुणाला? आज बातमीत जिला ‘मगर’ म्हणतात तिलाच. माझं म्हणणं स्पष्ट आहे : सुसर हे मगरीचंच जुनं मराठी नाव आहे. घडियालासाठी ते वापरलं तर आजीची भाषा विनाकारण खोटी ठरते.

शब्दाचं मूळही फार जुनं. ऋग्वेदात अश्विनांच्या रथाला बैलाबरोबर ‘शिंशुमार’ जुंपल्याचा उल्लेख येतो. पुढे त्याचा ‘शिशुमार’ झाला. ‘पोरं मारणारा’ ही फोड मला तरी मागाहून जुळवलेली वाटते, कारण जुन्या रूपात ‘शिशु’ नाहीच, ‘शिंशु’ आहे. पाली भाषेत सुंसुमार म्हणजे मगर. बुद्धाच्या काळी भग्ग नावाच्या लोकांच्या मुलखात सुंसुमारगिरी नावाचं गावही होतं. आपल्याकडे त्याचं सुसर झालं. हिंदीत मात्र त्याच शब्दाचं ‘सूंस’ होऊन ते गंगेतल्या डॉल्फिनचं नाव झालं.

आणि आपली म्हण आहेच, “सुसरबाई, तुझी पाठ मऊ!” जिच्या हातात आपला जीव, तिची खुशामत. गेल्या उन्हाळ्यात औदुंबरच्या अलीकडे नावेतून एक मगर अगदी जवळून पाहिली. वाळूवर जबडा वासून पडली होती. अंगातली उष्णता बाहेर टाकायला ती असं तोंड उघडून पडते, चिडून नव्हे. पाठीवर खवल्यांच्या उभ्या ओळी, प्रत्येक खवल्याला मधोमध कणा, वर वाळलेल्या चिखलाचा पोपडा. या खवल्यांच्या आत हाड असतं. त्या पाठीला मऊ म्हणायचं म्हणजे किती भ्यायला हवं, ते तेव्हा कळलं.

बडोद्याहून :
आमच्या चार पिढ्या इथेच गेल्या. घरात मराठीच बोलतो, पण ‘मगर आला’, ‘मगर पकडला’ असं तोंडात बसलंय. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते, त्यामुळे मगर हा रोजच्या बोलण्यातला विषय. ऑगस्ट 2024 च्या पुरात तर मगर सोसायट्यांच्या आवारात शिरले होते. हे पुल्लिंग चुकीचं का? आणखी एक : हिंदीत ‘पानी में रहकर मगर से बैर’ म्हणतात, आपल्याकडे ‘पाण्यात राहून माशाशी वैर’. मराठीने मगर का सोडली असेल?

मूळ लेखक :
मराठीत ती मगर, अनेकवचन मगरी, म्हणून ‘मगरीने हल्ला केला’. सुसरही स्त्रीलिंगीच. तुमचं पुल्लिंग हिंदी-गुजरातीच्या शेजारातून आलं असावं, पण मुळातला संस्कृत ‘मकर’ पुल्लिंगीच आहे. त्यामुळे बडोद्याच्या मराठीचं ते वळण मी तरी खोडणार नाही. लिहिताना मात्र ‘मगर पकडली’ लिहावं.

मकराचीही एक अडचण आहे. गीतेत ‘झषाणां मकरश्चास्मि’ म्हटलंय, म्हणजे तो माशांत मोजला गेला. देवळांच्या शिल्पांत त्याला सोंड असते, माशाची शेपटी असते. म्हणजे मगर हे नावसुद्धा या जनावराकडे वळसा घालूनच आलं. म्हणीतल्या माशाचं कोडं मला सुटलेलं नाही.

फोंड्याहून :
आमच्याकडे कोकणीत ‘मानगें’. मांडवी आणि झुवारी जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात ती आहेत. दुर्भाटकडे खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली, शेती करणारे लोक पौष अमावास्येला चिखलाचं मानगें करून पुजतात, त्याला मानगें थापणी म्हणतात. बांध फुटला की खारं पाणी शेतात येतं आणि पाण्यातलं जनावरही येतं, म्हणून त्याची राखण मागायची. सुसर हा शब्द मी पुस्तकातच वाचला.

नागपूरहून :
‘नक्राश्रू’ आपलाच शब्द ना? संस्कृत आहे म्हणून विचारते.

मूळ लेखक :
शब्द संस्कृत, कल्पना युरोपातली. शिकार खाताना मगर रडते ही तिकडची मध्ययुगीन समजूत. तिचं हे भाषांतर. आपल्या गजेंद्रमोक्षातला नक्र हत्तीचा पाय धरतो आणि सोडत नाही. रडत नाही. (मगरवर्गीय प्राण्यांना अश्रुग्रंथी असतात आणि खाताना काहींच्या डोळ्यांत पाणी, फेस जमतो हे पाहिलं गेलंय, त्याचा दुःखाशी संबंध नाही.) आपला खरा शब्द ‘मगरमिठी’. तो किती नेमका आहे पाहा : जबडा मिटणारे स्नायू प्रचंड ताकदीचे आणि उघडणारे इतके कमजोर, की मिटलेला जबडा साध्या दोरीने बांधून ठेवता येतो. ज्याने हा शब्द घडवला त्याने नदीवर उभं राहून पाहिलेलं असणार.

पुण्याहून :
मग ॲलिगेटरला काय म्हणायचं?

मूळ लेखक :
ॲलिगेटरच. ती दोनच जातींची, एक अमेरिकेतली आणि एक चीनमधली. नाव स्पॅनिशमधून आलं, ‘एल लागार्तो’, म्हणजे सरडा. गोऱ्या साहेबांनी मात्र इथल्या मगरींनाही सर्रास ॲलिगेटर म्हटलं, म्हणून जुनी इंग्रजी वर्णनं वाचताना फसायला होतं. भारतात ॲलिगेटर नाही. इथे मगर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि घडियाल अशा तीनच जाती. खाऱ्या पाण्यातली भितरकणिका, सुंदरबन आणि अंदमान-निकोबारकडे. तिला ओडिशात ‘बऊळा कुंभीर’ म्हणतात.

घडियाल शब्द परका वाटत असेल तर हे पाहा : मोठ्या नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा उंचवटा येतो, त्यावरून ते नाव. आपलं घड्याळसुद्धा घटिकेवरून, म्हणजे घटावरूनच आलंय. तेव्हा घडियाल मराठीत बिनधास्त राहू द्यावं आणि सुसर मगरीला परत द्यावी.

भाचीने पुस्तकात पेन्सिलीने दुरुस्ती केलीय. चिंचोळ्या तोंडाखाली ‘घडियाल’, आणि पुढच्या पानावर ‘मगर’च्या शेजारी ‘सुसर (पणजीची)’. वाशिष्ठी-सावित्रीकाठचं कुणी असेल तर सांगा, तुमच्या घरातले म्हातारे काय म्हणतात? आणि मगरीच्या पिल्लाला वेगळा शब्द कुणी ऐकलाय का?