पिकअपला जुने सीट बसवायचे आहेत, मदत हवी आहे

रामराम मंडळी. माझी बोलेरो पिकअप २०१४ ची आहे, रावेर भागात केळीची भाडी मारतो. ड्रायव्हर सीटचा फोम पार बसलाय आणि खालची फ्रेम एका बाजूने तुटलीय. एकदा वेल्डिंग मारलं, महिनाभरात तिथेच परत तडा गेला. वडीलही अधूनमधून गाडी चालवतात. संध्याकाळी उतरताना कंबर धरून उतरतात, ते मला बघवत नाही.

जळगावला एका भंगारवाल्याकडे बोलेरो जीपचे पुढचे दोन सीट बघून आलो. कापडी आहेत, मे महिन्यात रेक्झिनसारखे पाठीला चिकटणार नाहीत. पण सीटच्या पट्टीची भोकं पिकअपच्या भोकांशी जुळतात का? कुणी बसवून बघितलेत? मेकॅनिक म्हणतो, पत्र्याला नवीन भोकं पाडू. मला ते पटत नाही. जोरात ब्रेक लागला तर सगळा भार त्या बोल्टांवरच येतो. बेल्टच्या बकलाचं काय करायचं? गाडी आठ वर्षांच्या वर गेल्यामुळे आरटीओत पासिंग (फिटनेस तपासणी) दरवर्षी असतं, तिथे सीट बदललेले चालतात ना?

धुळे, भुसावळकडे पिकअपचेच जुने सीट मिळत असतील तर जागा सांगा भाऊ. बघायला मी स्वतः येईन.