सेतोमा आणि आमचं पोड : लहान वस्तीचं म्हणणं पंचायतीत टिकवायचं कसं?

प्रश्न : पोडाची सदस्य (झरी-जामणी, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. मी एका गट ग्रामपंचायतीची सदस्य आहे. आमच्या गटात दोन मोठी गावं अन् एक पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची लहान वस्ती. पोडावरून निवडून आलेली मी एकटीच. मासिक सभेत हातपंपाचं काढलं की "पुढच्या आराखड्यात घेऊ" म्हणतात, अन् आराखडा निघाला की सिमेंट रस्ता मोठ्या गावातच. कोणी वैरी नाही आमचा, पण मतं तिकडं जास्त आहेत, तर कामंही तिकडंच जातात.

माझा भाचा एस्टोनियात तालिनले नोकरीवर आहे. दिवाळीत आला तेव्हा सांगत होता, 2017 मध्ये तिथं 213 स्थानिक संस्था एकत्र करून 79 केल्या. पाच हजार लोकवस्ती पाहिजे अशी अट होती. मले तर धसकाच बसला. असं इकडं झालं तर आमचं पोड कोणाच्या नजरेस पडेल? पण तोच म्हणाला, रशियाच्या सीमेले लागून सेतो लोकांची सेतोमा नावाची पंचायत आहे, लोकसंख्या पाच हजारांच्या बरीच खाली, तरी ती वेगळी राहिली.

त्यांना सूट कशी मिळाली? अन् त्या पंचायतीतल्या लहान वस्त्यांचं कोण ऐकतं? जाणकारांनी सांगा. येत्या ग्रामसभेत मले बोलायचं आहे.

उत्तर 1 : आर्वीचा, सध्या तार्तूत (एस्टोनिया)

ताई, सेतोमा इथून फार लांब नाही, मी जाऊन आलो आहे. तिथल्या ग्रामीण पंचायतीला 'वाल्ड' म्हणतात. 79 पैकी 64 वाल्ड, बाकीची 15 शहरं.

सूट कायद्यातच होती. समुद्रातल्या बेटांना मिळाली, त्यात रुह्नूसारखं शे-दीडशे वस्तीचं बेटही वेगळं राहिलं. इतिहास-संस्कृतीनं बांधलेल्या प्रदेशालाही मिळण्याची सोय होती, सेतोंनी ती धरली. त्याआधी हे लोक पोल्वा आणि व्होरू अशा दोन जिल्ह्यांत विखुरलेले होते. मिकितामॅए, व्हार्स्का, मेरेमॅए या तीन वाल्ड एकत्र आल्या. मिस्सो नावाच्या चौथ्या वाल्डमधली फक्त लुहामा भागाची सेतो गावं इकडं आली, उरलेली रौगे वाल्डला जोडली. म्हणजे सरकारी रेघ लोकांच्या नात्याप्रमाणे हलवली, हे मला फार मोठं वाटतं. कारण त्यांच्यावर रेघेचा घाव आधीच बसला आहे. रशियाशी झालेल्या 1920 च्या तार्तू करारानं पेचोरी गावासह सगळा सेतो मुलूख एस्टोनियात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सोव्हिएत सत्तेनं पेचोरीकडचा भाग रशियाला जोडला. बाजार, मठ, आजोबा-पणजोबांच्या कबरी पलीकडे राहिल्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सेतोंचे जुने बारा 'नुल्क' आहेत, म्हणजे गावांचे गट. कागदावर त्यांना पंचायतीचा दर्जा नाही, पण माणूस आपली ओळख नुल्कावरूनच सांगतो. 1994 पासून ते दर ऑगस्टमध्ये 'सेतो राज्याचा दिवस' भरवतात. त्यांचा राजा पेको, पीकपाण्याचा देव. तो पेचोरीच्या मठाखालच्या गुहेत झोपला आहे अशी समजूत. म्हणून त्याच्या वतीनं कारभार बघायला 'उलेमसोत्स्का' निवडतात. उमेदवार लाकडाच्या ओंडक्यांवर उभे राहतात आणि लोक ज्याच्या त्याच्या मागे रांग लावतात. ज्याची रांग लांब तो वर्षभराचा प्रतिनिधी. म्हाताऱ्या बाया झगझगीत चांदीची आभूषणं घालून लेलो, म्हणजे सेतोंचं पारंपरिक समूहगाणं, गातात (हे गाणं 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं).

कायद्यानं उलेमसोत्स्काला अधिकार नाही. पैसा, शाळा, रस्ते निवडून आलेल्या वाल्ड परिषदेकडेच. पण हा मेळावा दरवर्षी वेगवेगळ्या गावी भरतो, आणि सगळ्यांना तिथं जावंच लागतं. तुमच्या ग्रामसभा कुठे होतात?

उत्तर 2 : निवृत्त ग्रामसेवक, लाखांदूर

ताई, तुमची कळकळ पोचली. पण लहान राहिलं की भलं होतं असं समजू नका. एकेका ग्रामसेवकाकडे दोन-तीन पंचायती असतात, मी स्वतः तशा सांभाळल्या. कुठंच धड बसता येत नाही. तिकडं एकत्रीकरण झालं त्यामागंही लहान संस्थांना जाणकार माणसं ठेवता येत नाहीत हे कारण होतं. शिवाय तिथं रहिवाशांच्या आयकराचा वाटा थेट वाल्डला मिळतो. आपल्याकडं घरपट्टी-पाणीपट्टी, तीही थकलेली.

तेव्हा वेगळी पंचायत मागण्याआधी पेसा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा बघा. तुमच्या तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. त्यात तुमचं गाव असेल, तर महाराष्ट्राच्या 2014 च्या नियमांप्रमाणे पोडाला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करता येतं. पोडातल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी ठराव करायचा आणि उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा. पंचायत एकच राहते, पण पोडाची ग्रामसभा आपली स्वतःची होते. पाच टक्के अबंध निधीतला (ज्याचं काम वरून ठरलेलं नसतं असा पैसा) पोडाचा हिस्सा कुठं खर्चायचा हे मग पोडच ठरवतं. ठरावावर सह्या-अंगठे मतदारयादीच्या क्रमांकासकट घ्या, नाहीतर प्रकरण परत येतं.

उत्तर 3 : धानोरा, गडचिरोली

मेंढा (लेखा) हे गाव आमच्या तालुक्यातलं. 2009 मध्ये त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ते हक्काआधी कैक वर्षं गावात बसून बोलत होते, एकही माणूस अडला तर निर्णय पुढं ढकलत होते. पेसाचा कागद लागतोच, पण पोडावर बायाबापडे आधीपासून जमत नसतील तर तो कागद कपाटात पडतो. आमच्या शेजारच्या टोल्याचं तेच झालं, ठराव मंजूर आणि सभेला सात माणसं.

पोडाची सदस्य

सगळ्यांचे उपकार. आर्वीच्या भाऊ, सभा नेहमी मोठ्या गावच्या पंचायत भवनात होते. पोडापासून दोन कोस, अन् कापूस वेचणीच्या दिवसांत कोण मजुरी बुडवून येईल?

पण आमच्या पोडावर चावडी आहे. नाईक अन् महाजन अजूनही तिथं माणसं बसवतात, भांडणं मिटवतात, सणाचं ठरवतात. ते कोलामीत बोलतात, म्हणून म्हातारेही बोलतात. मोठ्या गावच्या सभेत तेच म्हातारे मागं बसून राहतात. तर आधी चावडीवरच बसायचं, नाईकाच्या बोलावण्यानं, ठराव मराठीत लिहायचा पण चर्चा कोलामीत. महिला ग्रामसभा पोडावर घ्या अशी मागणी मी याच महिन्याच्या सभेत टाकते, तिले कोणी नाही म्हणणार नाही असं वाटते.

ग्रामसेवक साहेब, एक विचारायचं राहिलं. आमच्या पोडातली आठ-दहा घरं वेचणीनंतर वीटभट्टीवर जातात, उन्हाळाभर. निम्म्याहून जास्त मतदार मोजताना त्यांची नावं धरतात ना? धरत असतील तर आम्हाले ठराव त्याआधीच करावा लागेल.

निवृत्त ग्रामसेवक, लाखांदूर

यादीत नाव आहे तोवर ती माणसं मोजणीत येणारच. म्हणून वेचणी आटोपायच्या आत बसा. मसुदा इथं टाका, मी तपासून देतो.