तातडीने मदत हवी आहे: ओव्हर-अंडर शॉटगन, जुनी बेल्जियन की नवी?

चेंबूरचा_बाबा
नमस्कार. मुलीसाठी ओव्हर-अंडर, म्हणजे एकीवर एक नळ्यांची शॉटगन, घ्यायची आहे. पर्याय दोन. एक, दादरच्या एका पारशी आजोबांकडची ब्राउनिंग सुपरपोज्ड. बेल्जियमची, फार वापरलेली नाही, लाकूड तर बघत राहावं असं. सहा लाख म्हणतात. दुसरा पर्याय नवी बेरेटा. आजोबा म्हणतात तसं काम आता कुणी करत नाही. प्रशिक्षक म्हणतात जुनं घेऊच नका. दोघंही कारण सांगत नाहीत. रविवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. कृपया किंमत आणि दर्जा एवढ्यावरच बोला. "बंदूक हवीच कशाला" वगैरे नको.

गिरगाव_बारा_बोअर
हवेत उडणाऱ्या तबकड्यांच्या दोन खेळांपैकी कोणता, ट्रॅप की स्कीट? परवाना कुणाच्या नावावर? आणि नवी बेरेटा आणणार कुठून? ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला बाहेरून बंदूक आणता येत नाही. म्हणून तर इथे जुन्या परदेशी बंदुकांना सोन्याचा भाव आहे.

चेंबूरचा_बाबा
ट्रॅप, आणखी काय! परवाना तिच्याच नावावर आहे. तिला 'रिनाउन्ड शॉट' म्हणजे नामांकित नेमबाजाचा दर्जा आहे, एनआरएआय म्हणजे राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत आयात होते, कागदपत्रं झाली आहेत. मी बंदुकीचं विचारलंय, परवान्याचं नाही.

राजापूरकर
आजोबांची ठासणीची होती. वडिलांनी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ईशापूरची दुनळी घेतली, ती आजही तशीच आहे. नळ्या शेजारी-शेजारी असल्या काय नि वर-खाली असल्या काय, छर्रा जायचा तिथेच जातो. सहा लाखांत आमच्याकडे विहीर होऊन वर पंप बसतो.

गिरगाव_बारा_बोअर
काका, डुकराला एकदा मारायचं असतं. ट्रॅपला एका स्पर्धेत १२५ तबकड्या, आणि सरावाची काडतुसं वेगळीच. ईशापूरची दुनळी मजबूत आहे, पण ती त्या कामाची नाही. वर-खाली नळ्यांत डोळ्यासमोर नळीवरची एकच अरुंद पट्टी राहते, नेम त्याच्यावर बसतो.

जुनं_ते_सोनं
आजोबांचं बरोबर आहे. सुपरपोज्ड ही जॉन ब्राउनिंगची शेवटची रचना. १९२६ साली तो बेल्जियममध्येच, कारखान्यात काम करता करता गेला. मुलगा व्हॅल याने ती पुरती केली आणि १९३१ पासून ती विकायला लागली. एकेक भाग कानशीने घासून, काजळी लावून, पुन्हा घासून बसवलेला. नळ्या ज्यावर उघडतात ती बिजागरीची खीळ अख्ख्या रुंदीची. तीच बंदूक आज बी-२५ नावाने ऑर्डर देऊन करून घ्यायची म्हटलं तर किंमत ऐकून फोन ठेवाल. सहा लाखांना मिळतेय तर डोळे मिटून घ्या.

सीएनसी_सुहास
डोळे मिटून बंदूक? छान.
मी मशीनवर काम करतो म्हणून सांगतो. कानशीने घासलेलं म्हणजे चांगलं, हा भाबडेपणा आहे. आताच्या मशीनवर दहा हजारावा भागही पहिल्यासारखाच निघतो. बेरेटाच्या ६८० मालिकेत बिजागरीला दोन बाजूंना छोट्या खुंट्या असतात. झिजल्या की किंचित मोठ्या मापाच्या मिळतात, बदलायच्या. सुपरपोज्डची खीळ झिजली तर ती नव्याने बसवणारा हात मुंबईत शोधून दाखवा. अमेरिकेत साधी सुपरपोज्ड दोन-तीन हजार डॉलरला मिळते, बेरेटाची नवी ६८६ सुद्धा साधारण त्याच घरात. म्हणजे सहा लाखांतला बराच पैसा दर्जाचा नाही, आयातबंदीचा आहे.

जुनं_ते_सोनं
मशीनवाल्यांना सगळं मशीनच दिसतं. लंडनच्या बॉस कंपनीने १९०९ साली ओव्हर-अंडर केली, तेव्हा कुठे होतं तुमचं सीएनसी?

सीएनसी_सुहास
त्या खुंट्या बॉसच्याच धाटणीच्या आहेत हो. बेरेटा, पेराझी सगळे त्याच वाटेने गेले. म्हणून तर ॲक्शन, म्हणजे नळ्या बसतात तो लोखंडी भाग, उथळ राहते आणि नळ्या हातांच्या मध्ये खाली बसतात. सुपरपोज्डची खोली बघा एकदा.

कोल्हापुरी_तिखट
स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकला कांस्य आणलं, महाराष्ट्राने कौतुक केलं, पण शॉटगनकडे कुणी बघत नाही. अनंतजीत नरुका आणि महेश्वरी चौहान स्कीट मिश्रला एका गुणाने चौथे आले, किती जणांना माहीत आहे?

राजापूरकर
कुसाळे रायफलवाला. बाकी खरं आहे.

ट्रॅपवाली_ताई
बाबा, आधी हे सांगा: नळ्या किती इंच? चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळ, काय? मुलीची उंची किती? पट्टी सपाट की उंच? आजोबांनी बंदूक कोणत्या साली घेतली? एवढं कळल्याशिवाय इथले सगळे हवेत गोळ्या मारताहेत.

चेंबूरचा_बाबा
नळ्या २८. चोक लिहिलेला नाही. नळ्यांच्या मुळाशी एकीवर एक चांदणी आणि दुसरीवर दोन चांदण्या कोरल्यात, ती नक्षी असावी. मुलगी पाच फूट तीन. पट्टी सपाट. साल आजोबांना आठवत नाही, "इंदिराबाई पंतप्रधान झाल्या त्या सुमाराला" म्हणाले. शिवाय पुढचा लाकडी भाग निघतच नाही, तो अडकलाय का? शनिवारी जरा जोर लावून बघणार आहे.

ट्रॅपवाली_ताई
जोर लावू नका! सुपरपोज्डचा पुढचा भाग नळ्यांपासून सुटत नाही, नुसता पुढे सरकतो. ती रचनाच तशी आहे.

चांदण्या म्हणजेच चोक. ब्राउनिंगच्या खुणांत एक चांदणी फुल आणि दोन मॉडिफाइड. नळीतच घडवलेला चोक आहे, बदलता येणार नाही. ट्रॅपला घट्ट चोक लागतोच, त्यामुळे तिथे फार अडत नाही. अडतं ते पुढे. ही शिकारीची बंदूक आहे. पट्टी सपाट म्हणजे छर्रे नेमाच्या आसपास निम्मे वर, निम्मे खाली. ट्रॅपची तबकडी मशीनमधून वर चढत जाते, म्हणून ट्रॅपची बंदूक मुद्दाम थोडी वर मारते, मग तबकडी नळीने झाकावी लागत नाही. नळ्याही सहसा ३० किंवा ३२ इंची, वजन साडेतीन किलोच्या पुढे. हलकी बंदूक दिवसभर खांद्यावर आपटते, शेवटच्या फेरीत मुलगी नकळत चापाआधीच दचकायला लागेल. प्रशिक्षकांना हेच म्हणायचं असणार.

आता सालाचं. १९६६ च्या सुमाराची आणि त्यानंतरच्या काही वर्षांतली असेल तर दस्त्याची मागची पट्टी काढून स्क्रू बघा. त्या काळात ब्राउनिंगने मीठ वापरून वाळवलेलं अक्रोडाचं लाकूड घेतलं होतं. ते लाकूड आतून लोखंड खातं, वरून बंदूक चकचकीत. अमेरिकेतसुद्धा लोक विकत घेण्याआधी हेच तपासतात. आपल्याकडे तर चार महिने हवाच खारट. स्क्रू गंजलेले दिसले तर सहा काय, तीन लाखही देऊ नका. स्क्रू स्वच्छ निघाले तर बंदूक छान आहे, पण संग्रहाला किंवा हौसेला. तुमच्या मुलीच्या कामाला नाही.

आणि 'जुनी की नवी' हा प्रश्न मुळात अपुरा आहे. तुम्हाला मधला पर्याय कुणी सांगितलाच नाही: एखाद्या वरिष्ठ नेमबाजाची वापरलेली पेराझी एमएक्स-८. ही १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या वेळी आलेली रचना, नावातला ८ त्यातलाच. म्हणजे तीही साठीकडे झुकलेली, पण ट्रॅपसाठीच घडवलेली. चापाचा पूर्ण संच बाहेर निघतो. भर स्पर्धेत स्प्रिंग तुटली तर पिशवीतला दुसरा संच घालून पुढच्या फेरीला उभं राहता येतं. सुपरपोज्डमध्ये हे नाही, ६८६ मध्येही नाही. बेरेटात ही सोय डीटी-११ ला आहे, पण तिची किंमत ६८६ च्या कितीतरी पट.

सीएनसी_सुहास
पेराझीला मीही मानतो. खुंट्यांचं लक्षात ठेवा मात्र.

जुनं_ते_सोनं
मीठवाल्या सगळ्याच नसतात. ठरावीक वर्षांच्याच.

ट्रॅपवाली_ताई
तेच लिहिलंय वर.

घाटकोपर_अनिकेत
वरळीच्या रेंजवर एअर रायफल चालते का? भाच्यासाठी विचारतोय. महिन्याला किती फी आहे?

गिरगाव_बारा_बोअर
वरळीला रायफल-पिस्तूल आहे. फीचं तिथेच विचारा. बाबा, मुलगी सराव कुठे करते? मुंबईत ट्रॅप होत नाही.

चेंबूरचा_बाबा
दिल्लीला, तुघलकाबादला, रेंजच्या बंदुकीने. म्हणून तर घाई आहे. ती बंदूक तिला जमत नाही, गालाला लागते. ती डावखुरी आहे ना.

ट्रॅपवाली_ताई
आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?

चेंबूरचा_बाबा
त्याचा काय संबंध? चाप कोणत्याही बोटाने ओढता येतो.

ट्रॅपवाली_ताई
दस्ता सरळ नसतो हो. उजव्या हाताच्या माणसासाठी तो किंचित उजवीकडे वळवलेला असतो, म्हणजे डोळा पट्टीच्या रेषेत येतो. डावखुऱ्याला तेच वळण गालावर आदळतं आणि नेम बाजूला जातो. तिचं दुखणं बहुधा हेच आहे. पारशी आजोबांची असो, बेरेटा असो की पेराझी, डाव्या वळणाचा दस्ता लागेल. पेराझीचा दस्ता एका लांब बोल्टवर असतो, काढून दुसरा बसवता येतो, हव्या मापाचा करून मिळतो. नवी मागवत असाल तर ऑर्डरमध्येच लिहा. सुपरपोज्डचं ते सुंदर लाकूड कापून-वाकवून घ्यायला निघालात तर आजोबांना कळू देऊ नका.
शनिवारी मुलीला घेऊन जा. बंदूक खांद्याला लावायला सांगा, डोळे मिटून. उघडल्यावर डोळा पट्टीच्या मध्यावर आला की नाही ते बघा. कागदावर तिचं माप लिहून ठेवा आणि ते प्रशिक्षकांना द्या, विकणाऱ्याला नको.

जुनं_ते_सोनं
बाबा, घेणार नसाल तर आजोबांचा नंबर मला खासगी निरोपात द्या.

चेंबूरचा_बाबा
शनिवारनंतर. आधी स्क्रू बघतो.

राजापूरकर
ताई, मिठाच्या लाकडाचं निघालंच आहे म्हणून विचारतो. पावसाळ्यात आमच्या दुनळीच्या दस्त्याला बुरशी येते, त्याला काय लावू? आणि खडकीची काडतुसं गेल्या वर्षी ओल धरून फुगली, ती चालतील का?

ट्रॅपवाली_ताई
फुगलेली अजिबात भरू नका, पोलीस ठाण्यात विचारून जमा करा. बुरशीसाठी नवा धागा काढा.