ट्रॅक्टरचं मागचं टायर आणि ट्यूब घरीच बदलायची आहे

बार्शीकर:
राम राम. उजवं मागचं टायर, १३.६-२८ मापाचं. कडेला चिरलंय, ट्यूब बाहेर डोकावतेय. नवं टायर-ट्यूब आणलंय. पंक्चरवाला दोन दिवसांनी येतो म्हणतोय, इकडे वापसा (मशागतीजोगी ओल) आलाय. मी आणि भाऊ, दोन टॉमी (टायर काढायच्या पहारी), घन, जॅक. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं आहे. चाक उतरवावं का?

मांजराकाठ:
दादा, चाक उतरवू नका, ट्रॅक्टरवरच होतं. आधी पुढच्या चाकांना आणि डाव्या मागच्या चाकाला दोन्हीकडून उटी (सरकू नये म्हणून अडण) लावा. एक मागचं चाक उचललं की गिअरमध्ये असूनही ट्रॅक्टर सरकू शकतो. जॅकखाली जाड फळी, एक्सलखाली लाकडाचे ठोकळे. नुसत्या जॅकवर कधीच काम करू नका.

मग व्हॉल्व्ह खाली येईल असं चाक फिरवून पिन काढा. दीड-दोनशे किलो पाणी असतं, ते निघाल्याशिवाय टॉमी लावू नका.

टायरची रिमवर बसणारी कड चिकटलेली असेल. साबणाचं पाणी सोडा, मुरू द्या, मग कडेलगत घनाचे ठोके देत फिरा. रिमवर घाव नको. टॉमी लावताना तिच्या विरुद्ध बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरायची. माझ्या वडिलांनी मला एवढंच शिकवलं, बाकी सगळं त्यामुळेच जमलं. ती विरुद्ध बाजूची कड वर राहिली तर दोघं टॉमीला लोंबकळलात तरी कड निघणार नाही.

आणि व्हॉल्व्हच्या भोकाजवळ रिम नक्की बघा. पाण्याने तिथेच गंज धरतो.

ऊसपट्टा:
नव्या ट्यूबला शंखजिरं लावा, थोडी हवा भरून आत सारा, म्हणजे टॉमीत चिमटणार नाही. मागून पाहिलं की नक्षीचं टोक वर दिसायला हवं. कड बसवताना हवा ३५ पौंडांच्या (पीएसआय) वर नेऊ नका. नाही बसली तर हवा सोडून पुन्हा साबण लावा. त्या वेळी चाकासमोर कुणी उभं राहू नये, पोरांना तर लांबच ठेवा. एकदा सगळी हवा सोडून परत भरा, ट्यूबच्या घड्या निघतात. पाणी भरताना व्हॉल्व्ह सगळ्यात वर.

बार्शीकर:
झालं! सातला लागलो, साडेबाराला चाक जमिनीवर. मांजराकाठ भाऊ, व्हॉल्व्हच्या भोकाशी गंजाचा पापुद्रा सुरीसारखा उभा होता, जुन्या ट्यूबवर बरोबर तिथेच घासल्याची रेघ. तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारला, वाळल्यावरच ट्यूब घातली. आता पाणी भरतोय.