दृष्टिभ्रम-शिल्पांचं प्रदर्शन: उभं कुठे राहायचं, फोटो कसे काढायचे?

चौकट७७
शनिवारी शिल्पं आणि दृष्टिभ्रम असं एकत्र प्रदर्शन बघायला जातोय. पत्रकात पोकळ मुखवटा, पॅट्रिक ह्यूजच्या धर्तीची पुढे आलेली चित्रं, एम्सची खोली, सावलीची शिल्पं आणि आरशाचं नळकांडं असं लिहिलंय. सोबत दहा वर्षांची मुलगी आणि आई. आईला एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. तिला यातलं काही कळेल का? आणि हे फोटोत उतरतं का?

तिरपी_रेघ
आईंना बहुतेक तुमच्यापेक्षा चांगलं दिसेल. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटीमीटरचं अंतर असतं, त्यामुळे दोघांना किंचित वेगळी चित्रं मिळतात आणि मेंदू त्यावरून काय किती लांब आहे ते मोजतो. अशा भ्रमांचा खरा शत्रू हा दोन डोळ्यांचा हिशेबच. एका डोळ्याला ही सोय नाही.

पोकळ मुखवटा म्हणजे आतली खोलगट बाजू आपल्याकडे करून टांगलेला चेहरा. तुम्ही त्याच्यापासून दोन मीटर मागे थांबा, एक डोळा तळहाताने झाका (नुसता मिटलात तर दुसराही किलकिला होतो) आणि कमरेतून डावी-उजवीकडे हळू झुला. चेहरा बाहेर आलेला दिसेल आणि तुमच्याकडे वळत राहील. मग एकेक पाऊल पुढे. एका जागी तो फट्‌कन आत जातो. मुलीला ती जागा एकदा एका डोळ्याने, एकदा दोन्ही डोळ्यांनी शोधायला सांगा. दोन्ही डोळ्यांनी तो बराच लांबूनच फुटतो. मुखवटा उलटा टांगलेला असेल तर भ्रम कमजोर पडतो, कारण उलटा चेहरा मेंदूला चेहरा म्हणून तितका पटत नाही.

खडूफळा
ब्रिटिश कलाकार ह्यूजच्या पद्धतीत (पहिलं काम 1964 चं) एक डोळा झाकायची गरज नाही, तीन मीटरवरून दोन्ही डोळ्यांनी छान चालतं. लाकडी पिरॅमिडची टोकं छाटून ती भिंतीतून पुढे काढलेली असतात आणि जो भाग सर्वांत पुढे, त्यावर सर्वांत दूरचं दृश्य रंगवलेलं. चालताना जवळची वस्तू मागे सरकते, दूरची सोबत येते. इथे नेमकं उलट घडतं, म्हणून मेंदू चित्रच फिरतंय असं ठरवून मोकळा होतो. खाली बसून उठलात तरी हालतं. फक्त भिंतीला चिकटून बाजूने बघू नका, लाकूड दिसलं की खेळ संपला.

याचा स्थिर फोटो काढणं म्हणजे मेमरी वाया घालवणं. फोन छातीशी धरून मीटरभर आडवं चालत दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या.

कोपरा_नऊ
एम्सच्या खोलीत मात्र फोटोच खरा. खोली चौकोनी नसते: बघायच्या भोकापासून एक कोपरा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट अंतरावर, जमीन त्या बाजूला उतरती, छत चढतं, खिडक्या तिरक्या. भिंतीतल्या भोकातूनच ती सरळ दिसते.

मुलगी जवळच्या कोपऱ्यात, आई लांबच्या. कोपरे 3 आणि 6 मीटरवर असतील तर 120 सेंटीमीटरची मुलगी 165 सेंटीमीटरच्या बाईच्या जवळजवळ दीडपट दिसते. फोनला दोन-तीन लेन्स असतात. बोटाने एकेक झाकून कुठली चालू आहे ते बघा आणि तीच भोकाला टेकवा. बाजूची टेकवली की भोकाची कड फोटोत येते. झूम 1 वर, पोर्ट्रेट मोड बंद. तो कोण किती लांब आहे ते ओळखून मागचं माणूस धूसर करतो आणि सगळं बिंग फुटतं.

आईंचा हात मात्र धरा. डोळा जमीन सपाट आहे म्हणतो आणि पाऊल उतारावर पडतं.

तिरपी_रेघ
सावलीच्या शिल्पांपाशी फ्लॅश बंद. जपानी कलाकार शिगेओ फुकुदाचं 1987 चं एक काम आहे, 848 काटे, चमचे, सुऱ्या जोडलेला गुंता, आणि जमिनीवर सावली मोटरसायकलची. ती एका ठरलेल्या दिव्याचीच करामत. फ्लॅश मारला की सावली पुसट होते आणि तुमच्याकडे चमच्यांचा ढीग उरतो.

कुठे उभं राहायचं ते दाखवणाऱ्या जमिनीवरच्या पायखुणा बहुधा मोठ्यांच्या उंचीच्या हिशेबाने असतात. मुलीचा डोळा बराच खाली, म्हणून तिला पाटावर उभं करा किंवा उचला.

ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायलीच्या चित्रांसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतील आणि कुणाला मायग्रेन किंवा फिट्सचा त्रास असेल तर ती भिंत टाळा. आलंच समोर, तर एक डोळा पूर्ण झाकून तिथून निघा.

चौकट७७
झकास! मुलीला घरी आरशाच्या नळकांड्याचं चित्र (कागदावर वेडंवाकडं, नळकांड्यात सरळ दिसणारं) करून बघायचंय. स्टीलचा पेला चालेल?

खडूफळा
पेला नको. तो खाली निमुळता, म्हणून पायाजवळचाच कागद दिसतो आणि चित्र वर ताणलं जातं. सरळ बाजूंचा, चकचकीत, 8-10 सेंटीमीटर व्यासाचा डबा घ्या. ब्रश फिनिश असेल तर सगळं धुरकट. भेटवस्तूचा चांदी कागद गुंडाळू नका, प्रत्येक सुरकुती चेहऱ्यावर येते.

मूळ चित्रावर चौकोन आखा, कागदावर डब्याभोवती पंख्यासारख्या रेघा आणि कंस, मग चौकोनामागे चौकोन उतरवा. हनुवटी डब्याशी, कपाळ बाहेर. कंस समान अंतरावर काढलेत तर कपाळ बुटकं दिसतं, बाहेरचे थोडे रुंद करत न्या. अक्षरं लिहायची तर वरची बाजू खाली करून, डावं-उजवं तसंच ठेवून.